देवश्रीचं तिसरं गाणं

माझी सून कंट्री गाणी लिहिते. साताऱ्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले तेव्हा शेजारच्या बाईंनी तोंडाला पदर लावला, कारण आमच्याकडे कंट्री म्हणजे देशी दारू. मग मला समजावून सांगावं लागलं, की बाई, ही अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी असतात, जर्मनीतले लोक ती आवडीने ऐकतात, आणि त्यातली काही आता आमची देवश्री जर्मनमध्ये लिहिते आणि गातेसुद्धा. हे ऐकून बाईंनी पदर खाली घेतला, पण चेहरा तसाच ठेवला.

देवश्री इथे जर्मनीत दिवसा बाड हॉम्बुर्गमधल्या एका कंपनीत दवाखान्यांच्या यंत्रांचं काम बघते आणि शनिवारी डोक्यावर हॅट घालून ताऊनुसच्या डोंगरातल्या एका क्लबात गिटार वाजवते. तो क्लब बघण्यासारखा आहे. बाहेर लाकडी पाटी, आत गुराखी. एकाकडेही गाय नाही. कुणी प्लंबर, कुणी शाळेतला मास्तर, पण कमरेचे पट्टे असे की पोटापेक्षा पट्टा मोठा. माणसं मात्र मनाने चांगली. मी पहिल्यांदा साडी नेसून गेले तर एकाने हॅट काढून मला वाकून नमस्कार केला. माझ्या जावयाने अजून तेवढं केलेलं नाही.

या गाण्यांची एक तऱ्हा आहे. त्यात चंद्र-चांदण्या चालत नाहीत. खऱ्या माणसाच्या बाबतीत खरं काहीतरी घडलेलं लागतं. त्यामुळे आमच्या घरात शिंकायची सोय राहिलेली नाही. माझा मुलगा सत्यजित फ्रँकफुर्टहून लोकलने घरी येताना झोपतो आणि बाड हॉम्बुर्गला उतरायच्या ऐवजी पार फ्रीडरिक्सडोर्फला, शेवटच्या स्टेशनावर, जागा होतो. मग तिथून फोन येतो, "देवश्री, घ्यायला येतेस का?" यावर तिचं गाणं आहे. घराची वाट सापडत नाही अशा एका भटक्या माणसाचं गाणं म्हणून लोक ते डोळे मिटून ऐकतात. तो भटका लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून घोरत होता, हे आम्हाला ठाऊक.

दुसरं कुकरचं. नव्या घरात देवश्रीने मसालेभात लावला, शिट्ट्या झाल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी घाबरून अग्निशमन दल बोलावलं. ते जवान हेल्मेट घालून स्वयंपाकघरात उभे राहिले आणि भात खाऊन गेले. गुराख्यांच्या गाण्यात शिट्टी नेहमी आगगाडीची असते. हिच्या गाण्यात ती कुकरची निघाली, आणि त्या गाण्यावर अख्खा क्लब नाचतो.

तर दर जूनमध्ये त्या क्लबात एक संध्याकाळ असते. प्रत्येक गाणं लिहिणाऱ्याने तीन गाणी म्हणायची, आणि प्रत्येक गाण्याआधी त्यामागची खरी गोष्ट सांगायची. गोष्ट ज्याची, तो माणूस हॉलमध्ये उभा राहून ‘हो, खरं आहे’ म्हणणार. तो ‘नाही’ म्हणाला किंवा उठलाच नाही, तर गाणं रद्द. गोष्ट स्वतःचीच असेल तर ‘खरं आहे’ स्वतःच म्हणायचं. हा नियम का, तर पूर्वी एकाने शेजाऱ्याच्या घटस्फोटावर गाणं म्हटलं होतं आणि शेजारी पहिल्या रांगेत बिअर घेऊन बसला होता. ज्याच्या गाण्यांना लोक सगळ्यात जास्त दाद देतील त्याला ऑक्टोबरच्या मोठ्या महोत्सवात मुख्य स्टेज मिळतं. दाद म्हणजे टाळ्या नव्हेत. हे लोक टेबलावर मूठ आपटतात.

गेल्या वर्षी देवश्रीचं स्टेज थोडक्यात हुकलं. क्लबाचा म्होरक्या हाइनर, निवृत्त पोस्टमन, बँजो फार सुरेख वाजवतो, तो तिला म्हणाला होता, तू हसवतेस छान, पण काळजाला हात घालत नाहीस. ते तिला लागलं होतं. या वर्षी तिला तिसरं गाणं तसं हवं होतं. आणि ते तिला मिळालं माझ्याकडून, मला न विचारता.

झालं असं. मी दरवर्षी उन्हाळ्यात तीन महिने इथे येते. या वेळी एप्रिलमध्ये आले आणि आल्या आल्या नंदिनीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. नंदिनी देवश्रीची मैत्रीण, पुण्याची, घर लख्ख, आंब्याची डाळ फर्मास. बायका गोल बसल्या, आणि एकेकीने उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला सुरुवात केली. कुणी मोबाइलमध्ये बघून घेत होत्या, कुणी अर्धा उखाणा इंग्रजीत. हसून हसून पुरेवाट. फिरत फिरत पाळी माझ्याकडे आली, आणि नंदिनी अगदी सहज, पन्ह्याचा पेला माझ्या हातात देऊन म्हणाली, "काकू, तुम्ही पन्हं घ्या," आणि पुढच्या बाईकडे वळली.

तिचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली. विधवेला नाव घ्यायला सांगत नाहीत. सांगितलं असतं तर बाकीच्या बावरल्या असत्या. मी पन्हं प्यायले. छान झालं होतं. पण ओठांवर आलेला उखाणा तसाच राहिला.

पुढे मे महिन्यात माझा गुडघा धरला म्हणून देवश्री मला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिला गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून ती मला दारात सोडून गेली. मी काउंटरपाशी एकटी. तिथली मुलगी कॉम्प्युटरकडे बघत एकेक विचारत होती. मला इथली भाषा येते ती भाजीपुरती. पण ती म्हणाली, "एहेमान? नामे?" आणि हे मात्र मला कळलं. नवरा. नाव.

आता आमच्या पिढीतल्या बाईला नवऱ्याचं नाव असं सुटं घेताच येत नाही. आयुष्यभर मी ‘अहो’ म्हटलं, मुलगा झाल्यावर ‘सत्यजितचे बाबा’ म्हटलं. नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. त्यामुळे माझं तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते असं आलं, लग्नात सासरच्या उंबऱ्यावर म्हटलेलं, खणखणीत आवाजात:

"कोरेगावच्या घेवड्याला साताऱ्याची वाट,
पद्माकररावांच्या जोडीने चढीन अवघड घाट!"

सगळे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. त्या मुलीचे हात हवेत. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी मात्र मान डोलावली, त्यांना काय वाटलं देव जाणे. तेवढ्यात देवश्री धावत आली आणि तिने पुढचं सगळं निस्तरलं.

परतताना गाडीत मी तिला हे सांगितलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग हसता हसता मला रडू आलं. मी तिला पन्ह्याचंही सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती माझा हात धरून बसली. मी म्हटलं, "हे कुणाला सांगू नकोस गं." ती "हो आई" म्हणाली.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी चहाच्या वेळी सत्यजित म्हणाला, "आई, तुझं गाणं भारी झालंय हां." देवश्रीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती मला लागली.

"माझं कुठलं गाणं?" मी विचारलं.

"आल्झो... म्हणजे..." सत्यजित उठून सिंककडे गेला. या मुलाला अडचणीच्या वेळी नेमकी भांडी घासायची असतात.

देवश्री मात्र सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "दवाखान्यातलं, आई. मी लिहिलंय. एकदा ऐकून बघता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ऐकून बघू? तुला विश्वासाने सांगितलं होतं मी. आणि तू त्या हॅटवाल्या बाप्यांसमोर माझं वैधव्य गिटारवर वाजवणार?"

"कुणासमोर गायलेलं नाही. सत्यजितने भिंतीपलीकडून ऐकलं. हाइनरला आणि ढोलवाल्याला फक्त चाल माहितीये, शब्द नाहीत. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, चुकलंच माझं. तुम्ही नाही म्हणा, विषय संपला."

"मग नाही."

"ओके," ती म्हणाली. "नाही तर नाही."

सत्यजित सिंककडूनच बोलला, "आई, पण त्या गाण्याशिवाय हिला स्टेज..."

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तोंड फुगवलं असतं तरी चाललं असतं. पण तिने दुसऱ्या दिवसापासून सायकलचं एक जुनं गाणं काढलं. आखनला शिकत असताना तिची सायकल चोरीला गेली आणि सीमेपलीकडे हॉलंडात सापडली, असं काहीतरी. गाणं पाणचट होतं. तिलाही ते ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ती ते मन लावून वाजवायची आणि माझ्या गुडघ्याला तेलही लावून द्यायची. मला राग येत होता आणि कुणाचा ते कळत नव्हतं.

खरं सांगते, मला त्या गुराख्यांची लाज नव्हती. लाज होती आपल्या माणसांची. नंदिनी आणि तिचा नवरा त्या संध्याकाळी येणार होते. काकू नवऱ्याच्या नावाने उखाणा घेतात, तेही हे गेल्यावर, तेही दवाखान्यात, हे त्यांच्यासमोर कशाला उघडं करायचं?

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही क्लबात गेलो तेव्हाही बाहेर लख्ख ऊन होतं आणि हॉल गच्च भरला होता. नंदिनी माझ्या शेजारीच येऊन बसली. मोरपंखी कुर्ता, हातात सफरचंदाच्या वाइनचा पेला, आणि काकू तुम्हाला काही आणू का, काकू इथे वारा लागतोय का. मुलगी खरंच लाघवी आहे.

देवश्रीच्या आधी वाल्ट्राउट नावाची एक बाई स्टेजवर आली. माझ्यापेक्षा मोठी असेल, पायात लाल बूट. तिचा नवरा ग्युंटर दुधाचा टँकर चालवायचा. तो गेल्याला बरीच वर्षं झाली. तिने गोष्ट सांगितली, सत्यजित माझ्या कानात मराठी करत होता. मग ती गायला लागली आणि गाण्यात दर दोन ओळींनी ग्युंटर. ग्युंटर, तुझा टँकर. ग्युंटर, तुझी सकाळ. ग्युंटर, तुझा चहाचा मग. लोक टेबलं बडवत होते. ती बाई खाली आली, बिअर उचलली आणि बसली. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

नंदिनीने डोळे पुसले. म्हणाली, "किती गोड ना, काकू? नवरा गेल्यावरही अजून किती प्रेमाने नाव घेते त्याचं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या मनात काही नव्हतं. तिने याचा आणि त्या पन्ह्याचा संबंध जोडलाच नव्हता. आणि माझ्या पोटात इतके दिवस जो राग इकडे तिकडे फिरत होता, त्याला एकदम जागा सापडली. जिवंत होते तेव्हा मान म्हणून नाव घेतलं नाही. गेल्यावर अपशकुन म्हणून घ्यायचं नाही. मग बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं तरी कधी?

देवश्री स्टेजवर गेली. पहिलं गाणं लोकलचं. नियमाप्रमाणे सत्यजित उभा राहिला, लाजेने लाल, "हो, खरं आहे" म्हणाला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "फ्रीडरिक्सडोर्फ!" दुसरं कुकरचं. खालच्या मजल्यावरचे आजोबा खास आले होते, तेही उठले. टेबलं दणाणली. मग देवश्रीने गिटारच्या खुंट्या पिळल्या, पाणी प्यायली आणि माइकमध्ये सायकलची गोष्ट सांगायला लागली. हसत होती, पण मला तिचं हसू ओळखता येतं.

मी उभी राहिले. "देवश्री!" मी हॉलभर ऐकू जाईल असं म्हटलं. "ती सायकल ठेव बाजूला."

तिने माइकवर हात ठेवला. "आई?"

"दवाखान्यातलं घे. आणि गोष्ट मी सांगणार, तू नाही. तू नुसतं त्यांना समजेल असं करून सांग."

गुडघा कुरकुरत होता, तरी मी स्टेज चढले. हाइनरने हात दिला. देवश्री माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, नक्की ना? माझ्यासाठी करू नका हं."

"तुझ्यासाठी कोण करतंय?" मी म्हटलं.

मी सांगितलं. गुडघा, काउंटर, कॉम्प्युटरवाली मुलगी. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव कसं घेतात तेही सांगितलं. आणि मग तो उखाणा पुन्हा म्हटला, उंबऱ्यावर म्हटला होता तसाच. देवश्रीने घेवड्याचं जर्मन केल्याबरोबर हॉलमध्ये हशा पिकला. गुराखी माणसं घेवड्यावरच जगतात म्हणे, त्यांना तो घरचाच वाटला. मी हशा संपेपर्यंत थांबले.

"पण आमच्यात," मी म्हटलं, "नवरा गेला की बाईला हे नाव घ्यायला कुणी सांगत नाही. तिची पाळी आली की तिच्या हातात काहीतरी गोड देतात आणि पुढे जातात. वाईट मनाने नाही देत. मला सहा वर्षांत कुणी विचारलं नाही. त्या दवाखान्यातल्या मुलीने विचारलं. तिला आमच्या रीती माहीत नव्हत्या म्हणून विचारलं. पण विचारलं."

देवश्रीला हे जर्मनमध्ये सांगताना मध्येच थांबावं लागलं. नंदिनीचा पेला टेबलावर होता आणि ती माझ्याकडे बघत होती, चेहरा पांढरा. मला तिच्यावर मात करायची नव्हती. मी तिच्याकडे बघून मान हलवली, म्हटलं राहू दे.

हाइनरने नियमाप्रमाणे विचारलं, ही गोष्ट खरी आहे का?

"या," मी त्यांच्या भाषेत हो म्हटलं. "गेनाऊ, अगदी खरं."

मग देवश्रीने गाणं सुरू केलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. साधी चाल, जात्यावर बसल्यासारखी. दवाखान्यातली मुलगी विचारते, नवरा, नाव. बाई सांगते, घेवड्याला बाजाराची वाट ठाऊक आहे, घाट उंच आहे, आणि माझ्याबरोबर जो चढला त्याचं नाव...

आणि तिथे गिटार थांबली. बँजो थांबला. ढोलवाला काड्या वर धरून थांबला. तेवढी जागा रिकामी गेली आणि मग गाणं पुढे सरकलं.

मला वाटलं ती शब्द विसरली. दुसऱ्यांदा तेच कडवं आलं, त्याच जागी सगळं थांबलं, आणि देवश्री गाता गाता माझ्याकडे वळली. मग कळलं. या मुलीने अख्खं गाणं लिहिलं, घेवडा घातला, घाट घातला, आणि सासऱ्यांचं नाव कुठेही घातलं नव्हतं. ते घ्यायचा हक्क तिने स्वतःकडे घेतलाच नव्हता. तो माझ्यासाठी ठेवला होता. मी गाणं म्हणू दिलं नसतं तर तिने तो तसाच ठेवून दिला असता. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि मी त्या पुसल्यासुद्धा नाहीत.

तिसऱ्यांदा ती ओळ आली. वाद्यं थांबली. मी माइकजवळ गेले. उखाणा नाही, राव नाही, काही नाही.

"पद्माकर," मी म्हटलं.

हाइनर पुढचा सूर विसरला. देवश्रीने तो उचलला आणि ते कडवं पुन्हा घेतलं, आणि या वेळी त्या रिकाम्या जागेत अख्खा हॉल होता. प्लंबर, मास्तर, लाल बुटांची वाल्ट्राउट, सत्यजित तर रडत रडत. त्यांच्या तोंडी नावाची पार वाट लागली होती, पण ते ह्यांचंच नाव होतं. मुठी टेबलांवर पडत होत्या, पेले नाचत होते, आणि त्या सगळ्या गोंगाटातून मला नंदिनीचा आवाज ऐकू आला, हळदीकुंकवाला बायका ओरडतात तसा: "काकू, अजून एकदा! अजून एकदा!"

ऑक्टोबरचं स्टेज कुणाचं, हे हाइनरला जाहीर करावंच लागलं नाही. देवश्री गिटार तशीच गळ्यात ठेवून मला मिठी मारायला आली आणि लाकूड माझ्या बरगडीत घुसलं, तरी मी तिला सोडलं नाही. लोक अजून ओरडत होते. नंदिनी उभी होती. मग मी देवश्रीच्या खांद्यावरून माइक पुढे ओढला आणि आणखी एकदा नाव घेतलं, आता गाण्याशिवाय, मोकळ्या आवाजात, असं की हे असते तर पेपर बाजूला टाकून "काय गं, काय झालं?" म्हणत उठले असते.